दिसते ठणठणीत, पण...



पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणजे फुप्फुसांच्या धमन्यांमधला वाढलेला रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही. रुग्ण दिसतो ठणठणीत, पण एक जिना चढताना धाप लागते. म्हणूनच ब्रिटनमध्ये तयार होऊन २०१४ साली प्रसिद्ध झालेली 'एम्फसिस-१०' प्रश्नावली दाबाचे आकडे विचारत नाही. बोलताना दम तुटतो का, आपण ओझे झालो असे वाटते का, हे विचारते.

या आजारात स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे आणि गर्भारपण त्यांच्या जिवावर बेतू शकते. आपल्या स्नेहसंमेलनांत मात्र "गोड बातमी कधी?" हे सहज विचारले जाते. औषधे डॉक्टर देतील. हा प्रश्न न विचारणे आणि तिच्या चालीने चालणे, एवढे आपल्या हातात आहे.