घरबसल्या जर्मन



मुक्त विद्यालयाची परीक्षा देत घरीच शिकणाऱ्या मुलांनी मोबाईलवर परकीय भाषा शिकावी काय? जरूर शिकावी, पण कर्ज काढून मुळीच नाही. शाळेत संस्कृत नाकारली गेल्याने बाबासाहेबांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वप्रयत्नाने मिळवली. आज जर्मनीची 'डॉइचे वेले' ही प्रसारण संस्था जर्मन भाषा फुकट शिकवते. निको नावाच्या तरुणाच्या गोष्टीतून धडे पुढे सरकतात.

मात्र हिशेब नीट समजून घ्या. ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या. निकोची गोष्ट बी-१ पर्यंत नेते. तिथे परिचारिकेच्या नोकरीला साधारणपणे बी-२ लागते. तीन महिन्यांत जर्मनीला पाठवतो म्हणणाऱ्या एजंटाला आधी पायरी विचारा. मोबाईलवर धडे संपले म्हणून परीक्षेचा दाखला मिळत नाही. तो मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात परीक्षा देऊन मिळतो. पैसा राखायचा तो त्या फीसाठी.

आणि मुलांना मोठ्याने बोलू द्या. एका खोलीच्या घरात टीव्ही बंद ठेवणे जड जाते, तरी रोज अर्धा तास ठेवा. आईने समोर बसून "हे काय म्हणालास रे?" एवढे विचारले तरी पुष्कळ.