पट्टा पेटीत ठेवून जंगल राखता येत नाही. मेंढा-लेखा आणि पाचगाव काय सांगतात?

गडचिरोली : मोहफुलं वेचून होत नाहीत तोच तेंदूचा हंगाम येतो. ठेकेदारांच्या गाड्या गावात फिरू लागतात आणि चावडीवर एकच विषय असतो, यंदा शंभर पुड्यांचा भाव किती? भाव महत्त्वाचाच आहे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा. सौदा ठरवतंय कोण? सगळी ग्रामसभा, की गावातले दोन-चार जण?

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. अतिक्रमणाच्या शेतीचा वैयक्तिक पट्टा सगळ्यांना माहीत आहे. सामूहिक वनहक्काचं महत्त्व मात्र बऱ्याच गावांत अजून नीट उतरलेलं नाही. तेंदू, बांबू, मोह, चारोळी, हिरडा, डिंक हे गौण वनोपज गोळा करून विकण्याचा आणि जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात ग्रामसभेला मिळतो. आपल्या जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांना असे हक्क मिळाले. राज्यात हे काम सर्वात जास्त इथेच झालं. तरी काही गावांचं जंगल सुधारलं आणि काहींचा कागद पेटीतच राहिला. असं का?

आधी सवय, मग कागद

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वात आधी मिळालेल्या गावांत त्याचं नाव आहे. पण कागद हाती आला म्हणून लगेच बांबू विकता आला नाही. बांबू झाड की गवत, यावरच घोडं अडलं. वनविभाग त्याला झाड म्हणायचा, कायद्यात मात्र तो गौण वनोपज म्हणून लिहिलेला होता. वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, मिळेना. गाव मागे हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू तोडून विकला. मजुरी गावातच राहिली आणि उरलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला.

दोन वर्षं टिकून राहायचं बळ गावाला कुठून मिळालं? १९८० च्या दशकात धरणांच्या विरोधातल्या 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनापासून हे गाव एकत्र बसायला शिकलं. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती अभ्यासगटात बसून कायदे समजून घेत. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचे. दारूबंदी गावाने ठरवली आणि पाळली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची. थोडक्यात, बैठकीची सवय आधी होती, पट्टा नंतर आला.

पाचगावने तेंदू सोडला

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००० हेक्टरवर हक्क मिळाला. या गावाने जरा वेगळा निर्णय घेतला. तेंदूपत्ता तोडायचाच नाही, असं ठरवलं. चांगला पाला फुटावा म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. त्यात रोपटी जळतात, टेंभरं धरत नाहीत, आणि टेंभरं माणूसही खातो, पाखरंही खातात. हातात येणारा रोख पैसा सोडणं सोपं नव्हतं. पण पाचगावजवळ बांबू होता. तो नियमाने तोडल्यावर गावातच काम मिळालं.

म्हणून पाचगावची जशीच्या तशी नक्कल करायची गरज नाही. ज्या गावात बांबू नाही त्याला तेंदू सोडणं परवडणार नाही. मात्र आग लावायची नाही, फांद्या तोडायच्या नाहीत, ही अट सौद्यात कुठलीही ग्रामसभा घालू शकते.

फायदा फक्त पैशाचा नाही

जंगल टिकलं तर उन्हाळ्यात गावात काम राहतं, मजुरीला बाहेर जावं लागत नाही. पावसाळ्यात वास्ते, कुड्याची फुलं, रानभाजी घरात येते. सरपणासाठी बायांची पायपीट कमी होते. आपल्या जंगलाचा हिशोब आपण ठेवतो, याने माणसाची मान ताठ होते. साहेबासमोर बोलायला तो घाबरत नाही.

दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी ठेकेदारांनी तेंदूचे पैसे थकवले. काही ठिकाणी हिशोब दोघा-तिघांच्या वहीतच राहतो. लोकांना आकडा कळत नाही आणि भांडणं होतात. ग्रामसभा कमजोर पडली की तिच्या नावावर दुसरेच कारभार करतात. पूर्वी वनविभाग ठरवायचा, आता ठेकेदार ठरवेल. गावाला काय फरक पडला?

हंगामाआधी एवढं तपासा

- सभा ग्रामपंचायतीची नाही, आपल्या गावाची, टोल्याची हवी. वनहक्काच्या ठरावाला किमान निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला.
- जंगल राखण्यासाठी ग्रामसभेची समिती आणि आराखडा आहे का? नियमात दोन्ही सांगितलं आहे.
- ठेकेदाराशी करार लेखी आहे का? आगाऊ रक्कम किती, बाकी कधी, हे त्यात लिहिलं आहे का?
- जमाखर्च सभेत मोठ्याने वाचला जातो का?
- आगीच्या दिवसांत राखणीची पाळी कोणाची, हे ठरलंय का?

यातल्या एकाही कामाला मोठा पैसा लागत नाही. घरटी एक बाई आणि एक पुरुष सभेला आले तरी सुरुवात होते. तेंदूचा भाव दरवर्षी वर-खाली होईल. पण जंगल एकदा गेलं तर पुढच्या हंगामात भाव विचारायलाही कोणी गावात येणार नाही.