कपातला विंचू

तुमची रास कोणती? थांबा, पत्रिकेतली की सनसाइन? आपली रास चंद्रावरून ठरते, सव्वादोन दिवसांत बदलते. लिंडा गुडमनवाली सूर्यावरून, ती महिनाभर टिकते.

टिटवाळ्याची माझी एक मैत्रीण या दोन राशींच्या कात्रीत सापडलीय. ऑफिसमधला मुलगा पसंत आहे. पण पत्रिकेत ती वृश्चिक, तो मिथुन. म्हणजे षडाष्टक! आई अडून बसली. सनसाइन बघाल तर ती कर्क, तो मीन. फुल्ल मॅच!

मॅडम भांडल्या नाहीत, ब्रश उचलला. मावशीनं फ्रान्सहून आणलेले लिमोझचे बारा कोरे कप घरात पडून होते. लिमोझजवळ १७६८च्या सुमाराला पोर्सलिनची पांढरी माती सापडली आणि गावाचं नाव कपबशांना कायमचं चिकटलं. या चकचकीत कपावर रंगवायचं आणि ८०० अंशांच्या आसपास पुन्हा भाजायचं. घरचा ओव्हन इथे कामाचा नाही, ओळखीची भट्टी शोधा. आणि सोनेरी कड काढलीत, तर तो कप मायक्रोवेव्हमध्ये नको!

डिझाइन्स? सगळी आपल्या लोकलमधली. मेषेचा मेंढा दारात ढुशी देतोय. वृषभ विंडो सीटवर रवंथ करतोय. कन्या रुमालानं सीट पुसतेय. कर्केचा खेकडा चौथ्या सीटला नांगी रोवून बसलाय. मिथुनवाले दोघं एकाच वेळी दोन मोबाइलवर. मीनेचा एक मासा कसाऱ्याला, दुसरा सीएसएमटीला. मकर म्हणजे फ्रान्समध्ये बोकड, पण हिनं आपली मगरच काढली. आणि वृश्चिक? कप बाहेरून कोरा!

पोर्सलिनवर अशी गंमत मोठमोठ्यांनी केलीय. १९६७ साली एअर इंडियानं साल्वादोर दालीकडून ॲशट्रे डिझाइन करून घेतला, तो लिमोझ पोर्सलिनमध्ये बनला. त्यातला हत्ती उलटा धरला की हंस दिसतो. मोबदल्यात दालीनं हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि त्याला ते मिळालंही!

रविवारी आईला त्या कोऱ्या कपातून चहा मिळाला. शेवटच्या घोटाला तळाशी विंचू! आई किंचाळली, मग हसत सुटली.

मैत्रिणीनं संधी साधली. "आई, आपला गणपती विवाहविनायक. शकुंतलेनं इथेच पूजा केली म्हणतात ना? तिची आणि दुष्यंताची पत्रिका कोणी जुळवली होती?"

आई अजून 'हो' म्हणालेली नाही. पण कप विसळता विसळता म्हणाली, "बोलाव त्याला चहाला. मिथुनचा कप कुठेय?"

रास कपावर छान दिसते, बॉस. माणूस मात्र समोर बसवूनच बघावा.