शिनचॅन विणा, पण दुकान शिनचॅनच्या नावावर काढू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत क्रॉस स्टिचचा रेट कसा काढायचा ते आपण पाहिलं. पण एक विषय त्यात मावला नाही, कारण तो दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही. टीव्हीवरच्या आवडत्या पात्रांच्या वस्तू विणून किंवा भरून विकाव्यात का?

माझं मत आधी सांगते, कारणं नंतर. विणा, जरूर विणा. लेकराला द्या, नणंदेला द्या, स्वतःच्या हॉलमध्ये लावा. पण धंदा त्या पात्रावर उभा करू नका. हे कायद्याच्या भीतीने तर सांगतेच आहे, पण त्याहून जास्त तुमच्या गल्ल्याच्या काळजीने सांगते आहे.

मागणी कशाची आहे, ते दुकानात बसून मला रोज दिसतं. आपला मारुंजी-हिंजवडी पट्टा म्हणजे एका सोसायटीत अर्धा देश. एका मजल्यावर तेलुगू, बंगाली, मराठी आणि मल्याळी घर. मोठ्यांच्या मालिका वेगळ्या, पण पोरांचं कार्टून एकच. म्हणून वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टला पंचवीस शिनचॅन कीचेन हवेत, बारशाला छोटा भीमची टोपी हवी, कुणाला नवऱ्यासाठी जेठालालची फ्रेम हवी. नवीन शिकलेल्या बाईला वाटतं, वा, ऑर्डर चालून आली! आणि ती पन्नास लोकरीचे गुंडे उचलते.

गंमत बघा. आपल्या आज्या-आत्यांच्या काळी टीव्हीच्या डब्यावर क्रोशाचा रुमाल असायचा. रुखवतात मॅटीवर भरलेला ताजमहाल असायचा. तेव्हा आपली कला टीव्हीच्या डोक्यावर बसायची. आता टीव्ही आपल्या कलेच्या डोक्यावर बसलाय. प्रेम तेच आहे, फक्त जागा बदलली. आणि या प्रेमाला मी अजिबात नावं ठेवत नाही. 'होणार सून मी ह्या घरची' सुरू असताना जान्हवीचं मंगळसूत्र मागायला बायका सराफाकडे जात होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. आवडलेली गोष्ट अंगावर, घरात, हातात हवीशी वाटते. माणूस आहे, वाटणारच.

आता जगात काय झालं ते सांगते.

इंग्लंडमध्ये बीबीसीची 'डॉक्टर हू' नावाची मालिका आहे. १९७४ मध्ये टॉम बेकर नावाचा नट त्यात मुख्य भूमिकेत आला. वेशभूषाकाराने त्याच्या मफलरसाठी विणणाऱ्या बाईंना भरपूर लोकर दिली. बाईंना वाटलं सगळी वापरायची आहे, त्यांनी सगळी विणून टाकली! ती लांबच लांब मफलर त्या पात्राची ओळख बनली. चाहत्यांनी पत्र लिहिलं की बीबीसी त्या मफलरचा नमुना पाठवत असे. म्हणजे कंपनीच म्हणत होती, विणा बाबांनो.

पण २००८ मध्ये काय झालं? एका चाहतीने त्याच मालिकेतल्या विचित्र प्राण्यांचे विणकामाचे नमुने इंटरनेटवर फुकट टाकले. दुसऱ्याच कुणीतरी त्यावरून बाहुल्या विणून ईबेवर विकायला काढल्या. लगेच बीबीसीच्या व्यापारी शाखेचा निरोप त्या चाहतीला गेला की नमुने काढून टाका. पैसा कुणी केला आणि बोलणी कुणाला बसली बघा.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. 'फायरफ्लाय' नावाची मालिका २००२ मध्ये आली आणि लवकरच बंदही पडली. त्यात जेन नावाच्या एका दांडगट माणसाला आई स्वतः विणून कानटोपी पाठवते. नारिंगी-पिवळी, अगदी बावळट दिसणारी. चाहत्यांनी ती टोपी अशी उचलून धरली की अनेक विणकर बायका ती वर्षानुवर्षं एट्सीवर विकत होत्या. मालिका बंद पडली तरी तिचं नाव जिवंत ठेवण्यात या टोप्यांचाही हात होता. मग २०१३ मध्ये फॉक्स कंपनीने एका उत्पादकाला त्या टोपीचं अधिकृत लायसन्स दिलं आणि घरून विकणाऱ्यांना नोटिसा गेल्या. चाहते भडकले. ती अधिकृत टोपी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने तिच्यावरचा नफा चाहत्यांच्या धर्मादाय उपक्रमाला द्यायचं जाहीर केलं. पण घरी विणणाऱ्या बायकांची विक्री तर थांबलीच.

म्हणाल, ही सगळी परदेशातली प्रकरणं. मग आपल्याकडचं ऐका. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' २००८ पासून चालू आहे, आपल्या भिडे मास्तरांमुळे ती अर्धी आपलीच मालिका. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या निर्मात्या कंपनीच्या, नीला फिल्म प्रॉडक्शन्सच्या दाव्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. मालिकेचं नाव, पात्रं, संवाद परवानगीशिवाय वापरून वस्तू विकणाऱ्या वेबसाइट्स आणि व्हिडिओ टाकणारे, सगळेच त्यात आले. आणि नीट वाचा, त्या दाव्यात ज्यांची नावं माहीत नाहीत असे अनोळखी लोकसुद्धा प्रतिवादी होते. म्हणजे "माझं नाव कुणाला माहितीये?" हा दिलासा तिथेच संपतो.

मी वकील नाही, बीबीए आहे. तरी दुकानदाराला समजायला हवं एवढं सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी मर्यादेत काही केलं, तर त्याला या कायद्यात जागा आहे. विक्रीचं गणित वेगळं. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, असं कलम ६३ सांगतं. घाबरू नका, क्रोशाच्या बाहुलीसाठी कुणी लगेच पोलीस पाठवत नाही. पण कंपनीने तक्रार केली तर पेज जाऊ शकतं. आणि पेज गेलं म्हणजे नुसती एक पोस्ट गेली असं नाही. चार वर्षांचे फॉलोअर्स, जुन्या गिऱ्हाइकांचे मेसेज, अर्धवट ऑर्डर्स, सगळं गेलं. घरातून धंदा करणाऱ्या बाईचं दुकान म्हणजे ते पेजच असतं हो! त्याला कुलूप लागलं की दुसरा गाळा नसतो.

यावर क्लासमध्ये मला ठरलेली तीन वाक्यं ऐकायला मिळतात.

पहिलं, "ताई, सगळेच विकतात." हो, विकतात. मारुंजी रोडवर सगळेच उलट्या बाजूने गाडी घालतात. म्हणून तो रस्ता वन-वे होत नाही, फक्त तुमचा नंबर अजून लागलेला नसतो.

दुसरं, "चार्ट मी स्वतः बनवला." शाब्बास, मेहनत तुमचीच. पण चेहरा त्यांचा. घर तुम्ही बांधलं, प्लॉट दुसऱ्याचा.

तिसरं, "मी थोडा बदल केला, नाव 'शिनू' ठेवलं." सोपी परीक्षा घ्या. वस्तू शेजारच्या सहा वर्षांच्या मुलापुढे धरा. त्याने लगेच नाव ओळखलं, तर मालकही ओळखेल.

आणि जाता जाता एक. दुसऱ्या बाईने विकायला ठेवलेला चार्ट विकत घेऊन तो ग्रुपवर फुकट फॉरवर्ड करणं, ही तर थेट आपल्याच बहिणीच्या ताटातली चोरी आहे. कंपनीविषयी तावातावाने बोलणाऱ्या आपण इथे गप्प असतो.

आता गल्ल्याकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

समजा १४ काउंटच्या कापडावर ५ इंच बाय ५ इंच चेहरा भरायचा आहे. इंचाला १४ टाके, म्हणजे ७० गुणिले ७०, एकूण ४,९०० फुल्या. तुमचा वेग तासाला १५० धरू. झाले जवळपास ३३ तास. गिऱ्हाईक म्हणतं ८०० रुपये. कापड, धागे, फ्रेम मिळून २०० गेले असं धरा. उरले ६००. तासाला १८ रुपये! एवढ्यात आपल्या टपरीवर दोन चहासुद्धा नीट येत नाहीत.

का मिळत नाही भाव? कारण गिऱ्हाईक तुमच्या टाक्यांचे पैसे देतच नाहीये, ते त्या चेहऱ्याचे पैसे देतंय. आणि तोच चेहरा छापलेला मग ऑनलाइन दोनशे-अडीचशेला मिळतो. मग "तिकडे तर स्वस्त आहे" हे वाक्य येणारच. उसना चेहरा घेतला की स्पर्धा मशीनशी लागते, आणि मशीनला पाठदुखी नसते. उलट जी वस्तू फक्त तुमच्याकडेच आहे, तिची तुलना करायची कशाशी? भाव तिथे मिळतो.

छोटा भीमकडेच बघा. २००८ मध्ये टीव्हीवर आलेलं हे पात्र हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचं. त्या कंपनीने स्वतःची दुकानं काढून भीमच्या वस्तू विकल्या. म्हणजे ते पात्र हाच त्यांचा गाळा आहे. आपण त्यांच्या गाळ्यात बसून आपला माल किती दिवस विकणार?

मग विकायचं काय? माझे तीन पर्याय.

एक, पात्राऐवजी प्रेक्षक विका. मालिका बघणारं घर ही आपल्या सगळ्यांची गोष्ट आहे, त्यावर कुणाची मालकी नाही. मॅटीवर भरा: "सात ते साडेनऊ फोन करू नये." उशीवर: "रिमोट सासूबाईंकडे आहे." स्वयंपाकघरात लावायला: "ब्रेकमध्ये भाजी चिरली जाईल." असल्या अक्षरांना चेहऱ्यापेक्षा टाकेही कमी लागतात आणि वाचणारा हसून विचारतो, कुठून घेतलं?

दोन, ज्यांची मुदत संपली आहे ती चित्रं वापरा. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरचा कॉपीराइट संपतो. राजा रवी वर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांचा छापखाना आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला होता. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. टीव्ही नव्हता तेव्हा घराघरांतल्या भिंतीवरची 'पात्रं' तीच होती. जुन्या छापील चित्रावरून स्वतः चार्ट काढा. दिवाळीला भरलेली लक्ष्मी कुणाला नको असते?

तीन, स्वतःचं पात्र बनवा. पीएमपीच्या खिडकीला लटकलेलं माकड, ट्रॅफिकमध्ये झोपलेला आयटीवाला बोका, नाकात नथ घातलेली म्हैस. नाव द्या, गोष्ट द्या, दर महिन्याला नवा कपडा द्या. चाललं तर त्या नावाचा ट्रेडमार्क करा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये, आणि नोंदणी झाली की १० वर्षं चिंता नाही. उद्यम नोंदणी तर फुकटच आहे.

एक बोलणं मालिकावाल्यांनाही. तुमची पात्रं मोठी होतात ती आमच्या हॉलमध्ये, आमच्या जेवणाच्या ताटासमोर. मोठ्या कंपन्यांना तुम्ही लायसन्स देता, ते बरोबरच आहे. पण वर्षाला शंभर नग विणणाऱ्या बाईसाठी एक छोटं, परवडणारं, मोबाइलवर अर्ज करता येईल असं लायसन्स काढायला काय हरकत आहे? पाचशे-हजार रुपये घ्या, नगांची मर्यादा घाला, "अधिकृत, हाताने विणलेलं" अशी चिठ्ठी द्या. तुम्हाला फुकटची जाहिरात आणि थोडा पैसा, आम्हाला मान. मराठी वाहिनीने हे पहिल्यांदा केलं तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल. तोपर्यंत मात्र मी माझ्या बॅचला परवानगीशिवाय पात्र विकायला सांगणार नाही.

आता गृहपाठ. तुमच्या पेजवरच्या शेवटच्या दहा वस्तू काढा. कागदावर दोन रकाने करा, 'माझं' आणि 'उसनं'. 'उसनं' रकान्यात पाचापेक्षा जास्त वस्तू आल्या तर पुढच्या महिन्याची लोकर घ्यायच्या आधी थांबा. हातात असलेल्या ऑर्डर्सबद्दल गिऱ्हाइकाशी स्पष्ट बोला, त्याऐवजी तुमचं डिझाइन दाखवा. पाचातली दोन गिऱ्हाइकं जातील. जी तीन राहतील, ती तुमच्या टाक्यासाठी आलेली असतील.

आणि घरच्या पोरासाठी तो शिनचॅन मात्र नक्की विणा. त्याचा रेट काढायचा नसतो.