विश्लेषण : नवजात बाळाची थायरॉईड चाचणी बारशाआधीच का व्हायला हवी?

‘बाळ फार गुणी आहे, रडतसुद्धा नाही, नुसतं झोपून असतं,’ असे कौतुक अनेक घरांत ऐकू येते. बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. क्वचित मात्र या शांतपणामागे एका ग्रंथीचा बिघाड दडलेला असतो. जन्मजात थायरॉईड कमतरता वेळीच कळली, तर रोजच्या एका छोट्या गोळीवर बाळ इतर मुलांसारखे वाढते. उशिरा कळली, तर मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही. या दोन्हींत अंतर असते ते काही आठवड्यांचेच.

थायरॉईडचे काम काय?

शरीरातील काही ग्रंथी संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, थेट रक्तात सोडतात. वाढ, भूक, झोप, शरीराचे तापमान, पाळी अशी अनेक कामे त्यांच्यावर चालतात. संप्रेरक कमी पडले किंवा जास्त झाले की विकार होतो. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती आयोडीन वापरून थायरॉक्सिन तयार करते. ते कमी पडले, की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक वाढवून थायरॉईडला कामाला लावू पाहते. म्हणूनच रक्तात टीएसएच वाढलेले दिसणे, ही थायरॉईड कमी काम करत असल्याची खूण ठरते.

मोठ्या माणसाला थायरॉक्सिन कमी पडले तर थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही. औषध सुरू झाले की हा त्रास बहुतांशी कमी होतो. बाळाचे तसे नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची जडणघडण थायरॉक्सिनवर अवलंबून असते. ती वेळ हुकली, की नंतर कितीही औषध दिले तरी पूर्ण उपयोग होत नाही.

हा विकार कशामुळे होतो?

काही बाळांत गर्भातच ग्रंथी तयार होत नाही, अपुरी वाढते किंवा भलत्याच जागी असते. काहींमध्ये ग्रंथी जागेवर असते, पण आनुवंशिक दोषामुळे तिला संप्रेरक बनवता येत नाही. नात्यातल्या लग्नांमध्ये अशा दोषांची शक्यता वाढते. आईच्या आहारात आयोडीनची मोठी कमतरता असणे किंवा तिला थायरॉईड दाबणारी औषधे सुरू असणे, हीही कारणे असू शकतात. मात्र आईचा अहवाल नॉर्मल आला म्हणजे बाळाचाही नॉर्मल असेल, असे मुळीच नाही.

घरात ते लक्षात का येत नाही?

गर्भात आईचे थायरॉक्सिन काही प्रमाणात बाळापर्यंत पोहोचते. त्यामुळे जन्मतः बहुतेक बाळे अगदी धडधाकट दिसतात. लक्षणे हळूहळू दिसू लागतात आणि नेमकी ती सगळी ओळखीची असतात. कावीळ लांबली तर बाळाला कोवळ्या उन्हात ठेवले जाते. शौचाला होत नसेल तर बाळगुटी दिली जाते. बेंबी फुगली तर तिच्यावर नाणे बांधले जाते. दूध कमी ओढते, सतत झोपते, आवाज घोगरा आहे, त्वचा कोरडी नि थंड लागते, जीभ मोठी वाटते, अंग सैल पडते. या प्रत्येकाला घरात काही ना काही उत्तर तयार असते. सगळ्यांमागे एकच कारण असू शकते, हे ध्यानात येईपर्यंत महिने निघून जातात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता चाचणी करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

चाचणी कशी होते?

जन्मानंतर साधारण ४८ ते ७२ तासांत बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब खास कागदावर घेतले जातात. काही ठिकाणी जन्माच्या वेळी नाळेतील रक्त तपासतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी टीएसएच नैसर्गिकरीत्याच वाढलेले असते. त्यामुळे टाचेतले रक्त फार लवकर घेतले, तर विनाकारण धास्ती बसते. या चाचणीत टीएसएच जास्त आले म्हणजे निदान झाले असे नव्हे. शिरेतून रक्त घेऊन फेरतपासणी करावी लागते, आणि ती लगेच व्हायला हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

भारतात स्थिती काय?

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७० च्या दशकात अशी सरसकट तपासणी सुरू झाली. पुढे अनेक देशांत ती नेहमीची बाब झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत आपल्याकडे साधारण ११०० ते १२०० जन्मांमागे एका बाळाला हा विकार आढळला. देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. हिशेब केला तर अशी सुमारे वीस हजार बाळे होतात. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा विकार आहे, पण ऐच्छिक म्हणून. केरळने सरकारी रुग्णालयांत नवजात तपासणी राबवून दाखवली आहे. देशभरात मात्र बाळाची चाचणी होणार की नाही, हे ते कुठे जन्मले यावर ठरते.

उपचार किती अवघड?

अजिबात नाही. लेव्होथायरॉक्सिनची गोळी स्वस्त आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ती कुटून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात, रोज ठरावीक वेळी द्यायची. लोह आणि कॅल्शियमची औषधे तिच्यासोबत द्यायची नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर बहुतेक मुलांची बौद्धिक वाढ चांगली होते. ‘आता बरे दिसते’ म्हणून औषध परस्पर बंद करणे धोक्याचे. काहींना ते आयुष्यभर लागते, तर काहींचे तीन वर्षांनंतर तपासून थांबवता येते.

आता काय करायला हवे?

बारसे बाराव्या दिवशी, औषध सुरू करण्याची मुदत दोन आठवड्यांची. म्हणजे बाळाचे नाव ठरण्याआधी अहवाल हाती हवा. दीड महिन्याच्या लसीपर्यंत थांबणे परवडणारे नाही. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होते, फोन नंबर मात्र सासरचा नोंदवलेला असतो; रुग्णालयाचा निरोप इथेच अडकतो. म्हणून घरी जाताना ‘टाचेचे रक्त घेतले का, अहवाल कधी आणि कोणाच्या फोनवर येणार?’ हे विचारून घ्यावे. आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी येतातच. त्यांच्या नोंदवहीत या अहवालासाठी एक रकाना वाढवणे अवघड नाही.

पण कुटुंबाने विचारले तरच चाचणी होईल, ही व्यवस्था अपुरी आहे. जन्मतः दिलेल्या लसीसाठी आपण पालकांच्या जागरूकतेवर विसंबत नाही. मग मेंदू वाचवणाऱ्या रक्ताच्या चार थेंबांसाठी का विसंबावे? यादीतला ‘ऐच्छिक’ हा शब्द काढून टाकण्याची वेळ केव्हाच आली आहे.