ॲप शिकायचंय? क्लासची फी भरण्याआधी नळाचं वेळापत्रक हातात घ्या

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरात बारावीच्या पुढचं पोरगं किंवा पोरगी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

सध्या सोलापुरात ज्याला त्याला मोबाईल ॲप शिकायचंय. चांगलंच आहे. माझ्याकडे अधूनमधून कुणी ना कुणी विचारायला येतं, "काय ओ, पोरगा ॲप डेव्हलपमेंट करतो म्हणायलाय, पुण्याला पाठवू का?" क्लासची फी, रूमचं भाडं, मेस, येणं-जाणं धरलं तर हिशोब लाखाच्या पुढं जातो. कुणी सोनं गहाण टाकतं, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढतं. सहा महिन्यांनी पोरगं परत येतं ते एक सर्टिफिकेट आणि एक कॅल्क्युलेटर ॲप घेऊन. तोच कॅल्क्युलेटर त्याच्या बॅचमधल्या सगळ्यांकडे असतो. मुलाखतीला बसल्यावर समोरचा विचारतो, "यात तुझं काय?" तिथं गाडी अडते.

माझं मत सरळ आहे. पहिल्या सहा महिन्यांसाठी सोलापूर सोडायची गरज नाही आणि क्लासला एक रुपया द्यायचीही गरज नाही. गरज आहे ती एका खऱ्या प्रश्नाची. तो आपल्याकडे भरपूर आहे!

पाण्याचंच घ्या. काही दिवसांआड पाणी हे आपल्या शहराचं जुनं दुखणं. कुठल्या भागात कधी पाणी सुटणार याचं वेळापत्रक असतं, ते बदलतंही. बदललं की कळतं कुणाकडून? शेजारच्या काकूंकडून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवरून, तेही कधी कधी पाणी येऊन गेल्यावर. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगला पहिला प्रोजेक्ट मला तरी दिसत नाही.

कसा करायचा ते टप्प्याटप्प्यानं सांगतो.

पहिला टप्पा म्हणजे एक स्क्रीन आणि त्यावर यादी: जुळे सोलापूर, होटगी रोड, शेळगी, बाळे, साखर पेठ, नई जिंदगी. नावावर बोट ठेवलं की पुढची पाळी कधी ते दिसायचं. माहिती सगळी कोडमध्येच लिहिलेली. एवढं करताना व्हेरिएबल, यादी, अट आणि फंक्शन या चारही गोष्टी हाताखालून जातात.

दुसरा टप्पा: माहिती कोडमधून बाहेर काढून इंटरनेटवरच्या एका फाईलमध्ये ठेवायची. वेळ बदलली की फाईल बदलायची, ॲप आपोआप नवीन वेळ दाखवणार. पण नेट बंद असेल तर काय दाखवायचं? शेवटची साठवलेली माहिती, आणि ती कधीची आहे ते. सर्टिफिकेटवर शिक्का मिळतो, पण हा विचार करायची सवय त्यावर मिळत नाही.

तिसरा टप्पा: आदल्या रात्री फोनवर सूचना. "उद्या पहाटे पाणी आहे."

चौथा टप्पा खास आपल्या गावाचा. सोलापूर मराठीत बोलतं, तेलुगूत बोलतं, कन्नडमध्ये बोलतं, उर्दूतही बोलतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक भाषेसाठी शब्दांची वेगळी फाईल ठेवता येते. फोनची भाषा तेलुगू असेल तर ॲप तेलुगूत उघडतं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणजे सगळी स्क्रीन आरशासारखी उलटवावी लागते. एकाच भाषेच्या गावात राहणाऱ्या पोराला हे पुस्तकात वाचावं लागतं. आपल्या पोराला गल्लीत शिकायला मिळतं.

आता साधनं. लॅपटॉप साधारण असेल तर सुरुवात ॲप इन्व्हेंटरनं करा. गुगलनं 2010 मध्ये सुरू केलेलं हे साधन पुढं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेकडे गेलं. ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि ठोकळे जोडून ॲप तयार होतं. त्याला पोरखेळ म्हणून हसू नका, तर्क तिथंच पक्का होतो. किमान 8 जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ आणि कॉटलिन घ्या. 2017 पासून अँड्रॉइडसाठी या भाषेला गुगलची अधिकृत मान्यता आहे आणि गुगलचा नवशिक्यांसाठीचा कोर्स मोफत आहे. लॅपटॉप हळू चालत असेल तर एम्युलेटरच्या नादी लागू नका. स्वतःचा फोन केबलनं जोडा. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, मग ॲप थेट फोनवर चालवून बघता येतं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाचे छोटे धडे मराठीतही आहेत.

आणि हो, एआयकडून कोड लिहून घ्यायचा का? घ्या की. पण प्रत्येक ओळ काय करते हे आईला सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर ते ॲप तुमचं नाही.

प्ले स्टोअरवर टाकायची फी एकदाच 25 डॉलर, म्हणजे साधारण दोन हजार रुपये. नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस ॲपची चाचणी घ्यावी लागते. लोक या नियमाला वैतागतात. मला तो आवडतो. गल्लीतली बारा माणसं गोळा करा, त्यात दोन आजी घ्या. अक्षर बारीक आहे, बटण सापडत नाही, हे त्या पहिल्या दिवशी सांगतील. फक्त एक पथ्य पाळा. पाण्याची वेळ सांगायला कुणाचा फोन नंबर, कॉन्टॅक्ट यादी किंवा लोकेशन लागत नाही. लागत नाही ते मागायचं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात 2023 मध्ये कायदा झालाय, ही शिस्त पहिल्या ॲपपासूनच लागू द्या.

काही जण म्हणतील, सोलापूरच्या पोरांना हे जमणार आहे का? त्यांना दोन गोष्टी सांगतो.

एक, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. सुरुवात मोठ्या लॅबमधून झाली नव्हती, समोरच्या पोरांच्या अडचणीतून झाली होती.

दोन, जकार्ड. आपली चादर ज्या जकार्डवर विणली जायची, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. भोक असेल तर ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. होय किंवा नाही, एक किंवा शून्य. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास आलेल्या या यंत्राची कार्डं बघूनच चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना घेतली. म्हणजे प्रोग्रॅम काय असतो हे आपल्या आजोबांनी कारखान्यात रोज हातात धरलेलं आहे. नातवाला ते परकं का वाटावं?

आता खरा मुद्दा. हे सगळं ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याच्यासाठी ठीक. पण पूर्वभागात विडी वळणाऱ्या आईच्या लेकीचं काय? घरात एकच फोन, तोही रिचार्ज संपलेला. तिला पुण्याला पाठवणार नाहीत, लॅपटॉप घेऊन देणार नाहीत. तिच्यात काही कमी नाही, फक्त तिला बसायला जागा नाही. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, शहरातल्या कॉलेजांनी आपल्या संगणक लॅब संध्याकाळी दोन तास बाहेरच्या मुलामुलींसाठी उघडाव्यात. कॉलेज सुटलं की मशीन नुसती पडून असतात.

दुसरी, महापालिकेनं पाण्याचं वेळापत्रक, बसच्या वेळा आणि दवाखान्यांची यादी साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये, रोज अद्ययावत करून, सगळ्यांसाठी खुली ठेवावी. फोटो किंवा पीडीएफ नको, ते ॲपला वाचायला जड जातं.

तिसरी, गणवेश शिवणारे, चादर-टॉवेलवाले आणि चटणीवाले व्यापारी यांनी आपली छोटी कामं या पोरांना द्यावीत. मापांची नोंद, ऑर्डरचा हिशोब, उधारीची वही. फुकट नाही, पैसे देऊन.

मला माहीत आहे, नोकरीसाठी पुढं अनेकांना पुणं-हैदराबाद गाठावंच लागणार. नवख्यांना सध्या नोकरी सहज मिळत नाही, आणि "शंभर टक्के प्लेसमेंट" हा शब्द दिसला की खिशावर हात ठेवा. पण जायचंच असेल तर हजार घरांत वापरलं जाणारं एक ॲप घेऊन जा. मुलाखतीत "यात तुझं काय?" विचारलं तर सांगायला काहीतरी असेल.

ज्या कॉलेजात लॅब उघडायची तयारी आहे, ज्यांच्याकडे जुना पण चालू लॅपटॉप आहे, किंवा ज्यांना शिकवायला आठवड्यातून एक संध्याकाळ देता येते, त्यांनी खाली लिहा. तुमच्या भागात पाणी किती दिवसांआड येतं तेही लिहा. पहिली यादी आपणच करू.