शेतकरी एक, दप्तरें अनेक

सरकारी दप्तर कागदावरून संगणकावर गेलें म्हणजे शेतकऱ्याचे हेलपाटे थांबतील, अशी आशा सर्वांसच होती. कांहीं अंशीं ती फळास आली. सात-बाराचा उतारा आज घरबसल्या मिळतो. परंतु त्याबरोबर एक नवा विकारही जडला आहे. दर योजनेमागें स्वतंत्र यंत्रणा उभी राहते, व प्रत्येक यंत्रणा त्याच शेतकऱ्यास तेंच नांव, तोच गट क्रमांक व तेंच बँक-खातें नव्यानें विचारते.

आपल्या वाशीम जिल्ह्यांतील सोयाबीन पेरणाऱ्या खातेदाराचेंच पाहा. पेऱ्याची नोंद त्यानें ई-पीक पाहणींत करावयाची. ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तोच पेरा पीक विम्याच्या अर्जांत पुनः जाहीर करावयाचा. माल हमीभावानें घालावयाचा तर नोंदणी तिसरीकडे. सन्मान निधीचें दप्तर २०१९ पासून केंद्राचें. अवजारांचें अनुदान महाडीबीटीवर. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यांत वाशीमसह १५ जिल्हे होते, त्याचें संकेतस्थळ आणखी निराळें. त्याच तुषार संचासाठीं एका गांवानें एकीकडे अर्ज करावा व शिवेपलीकडच्या गांवानें दुसरीकडे! आधारावर ‘बाबाराव’, सात-बारावर ‘बाबा’ एवढा फरक असला तरी तो एका ठिकाणीं दुरुस्त करून भागत नाहीं.

जुन्या महसुली दप्तरांत असें नव्हतें. गांव नमुना ६ मध्यें फेरफार प्रमाणित झाला कीं त्याचा अंमल नमुना ७ व ८-अ यांवर होई. खातेदारास त्यासाठीं निरनिराळे अर्ज करावे लागत नसत. त्या दप्तरांत दिरंगाई पुष्कळ होती, हें आमच्यासारख्या जुन्या कारकुनांस कोणी सांगावयास नको. परंतु मूळ नोंद एका जागीं व बाकीच्या तिजवरून, हा नियम पक्का होता. युरोपांतील एस्टोनिया या चिमुकल्या देशांत तर तीच माहिती गोळा करण्यासाठीं दुसरें दप्तर उघडण्यास कायद्यानेंच मनाई आहे.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषि खात्याच्या योजनांस शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. उपाय योग्य दिशेचा आहे. मात्र जुनीं दप्तरें मिटविल्यावांचून नवा क्रमांक आणणें म्हणजे ओझ्यावर ओझें. प्रत्येक खात्याचें अंदाजपत्रक वेगळें, ठेकेदार वेगळा. आपलें दप्तर स्वखुषीनें कोण सोडणार? म्हणून नवी यंत्रणा मंजूर करतांना तिच्यामुळें कोणती जुनी बंद होणार, हें त्याच आदेशांत लिहिण्याची सक्ती असावी.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. दप्तर एक झालें म्हणजे त्यांतील चूकही सर्वत्र पोंचेल. आज क्षेत्राचा आंकडा चुकल्यास एखादी योजना अडते. उद्यां विमा, अनुदान व खरेदी हीं तिन्ही एकदम अडतील. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वयें लेखनप्रमाद दुरुस्त करतां येतो, पण त्या अर्जावर निकाल केव्हां मिळेल, हें अर्जदारास कळत नाहीं. बटाईनें कसणाऱ्याचें नांव तर उताऱ्यावर बहुधा नसतेंच. त्यास या एका दप्तरांत जागा कोठें, याचाही खुलासा झाला पाहिजे. दुरुस्तीच्या अर्जाची पोंच निकालाच्या तारखेसह तहसिलींतच हातीं पडावी, असा ठराव आपल्या मंडळानें खरिपापूर्वीं जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.